मत मांडावे, पवारणा करावी

मत प्रत्येकाला असते. परंतु ते स्वतःच्या नावाने, लेखी स्वरूपात आणि चार लोकांसमोर मांडण्याची संधी आपल्या समाजाला फार उशिरा मिळाली. ती कुणी आपण होऊन दिली नाही, मिळवावी लागली. या स्मरणिकेच्या वाचकांत, विशेषतः माजी विद्यार्थ्यांत, असे अनेक जण असतील की ज्यांच्या घराण्यात लेखणी धरणारी त्यांचीच पहिली किंवा दुसरी पिढी आहे. वसतिगृहाच्या खोलीत गिरवलेली अक्षरे पुढे अर्जात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि कार्यालयाच्या टिपणीत उतरली. या अक्षरांनी नोकरी मिळवून दिली, घर उभे केले. ती स्वतःच्या मतासाठी किती वेळा वापरली गेली, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

या लेखाचा विषय साधा आहे. आपले विचार मांडण्यासाठी एखादे लहानसे पत्र आपण सुरू करावे. ते हस्तलिखित असो, भित्तीपत्रक असो वा चार पानी छापील मासिक असो, त्यात वाचकांना आपले मत कळविण्यासाठी आदराने बोलवावे. यातील पहिला भाग आपण ऐकलेला आहे. दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मत मांडणे हे अर्धेच काम होय. ते मत तपासण्यासाठी दुसऱ्याला बोलावणे हे उरलेले अर्धे काम. बौद्ध परंपरेत या उरलेल्या अर्ध्या कामाला एक सुंदर नाव आहे : पवारणा.

लिहित्या हातांची वाट

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मातंग समाजातील ही चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि ज्या धर्मग्रंथांना हात लावण्याचाही आपल्याला अधिकार नाही तो धर्म आपला कसा, असा प्रश्न तिने उभा केला. शाळेत मिळालेल्या अक्षरज्ञानाचा इतका थेट उपयोग फार थोड्यांनी केला असेल. निवासी शाळेच्या स्मरणिकेत या निबंधाची आठवण सर्वांत आधी व्हावी, कारण तो एका विद्यार्थिनीने लिहिला होता.

त्यानंतरची वाट सलग आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधु’ सुरू केले. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी त्या पत्रातून अस्पृश्यतेच्या प्रश्नावर लेखन केले. १९०८ मध्ये पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी एकामागून एक पत्रे चालविली. एक बंद पडले की दुसरे काढले. पैसा नव्हता, छापखाना स्वतःचा नव्हता आणि ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून एकाने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, अशी रीत पडली.

‘सोमवंशीय मित्र’ने मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा त्या प्रथेचे दुःख स्वतः भोगलेल्या शिवूबाई या स्त्रीचे पत्र त्यात प्रसिद्ध झाले. ही घटना दिसायला लहान असली तरी तिचे मोल मोठे आहे. संपादकाने एका प्रश्नावर मत मांडले आणि ज्या स्त्रीविषयी ते मत होते, तिने स्वतः उत्तर दिले. तोवर ती चर्चेचा विषय होती. पत्र छापले गेले त्या दिवशी ती चर्चेतील एक व्यक्ती झाली. वाचकाचे उत्तर मागविण्याचा खरा अर्थ हा आहे. ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांना बोलण्यासाठी जागा करून देणे, एवढाच तो अर्थ.

‘मूकनायक’पासून ‘प्रबुद्ध भारत’पर्यंत

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. बाबासाहेबांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. राजर्षी शाहू महाराजांनी या पाक्षिकासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पैसे देऊनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

पहिल्या अंकातील ‘मनोगत’ आजही अभ्यासण्यासारखे आहे. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा असून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिना नाही, हे प्रसिद्ध रूपक त्यातलेच. मात्र त्याच मजकुरात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नवे पत्र काढताना बाबासाहेबांनी आधीच्या पत्रांची नोंद घेतली. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ यांसारखी पत्रे बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करतात, हे त्यांनी मान्य केले. त्यांत या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असे कारण दिले. ‘सोमवंशीय मित्र’, ‘हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ या बंद पडलेल्या पत्रांचीही त्यांनी आठवण ठेवली. नवे काम सुरू करणाराने आधीच्यांचे ऋण सांगावे आणि आपली गरज कोणती ते नेमके सांगावे, हा पहिला धडा येथे मिळतो.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब होते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने अनेकदा त्यांना एकट्याने भरून काढावे लागत. वकिली, अध्यापन आणि चळवळ सांभाळून रात्रीचा दिवस करून हे लेखन झाले. वर्गणी वेळेवर येत नव्हती, तेव्हा ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय ?’ असा प्रश्न त्यांना अग्रलेखातूनच वाचकांना विचारावा लागला.

महाडच्या प्रकरणावर त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखांची रचना लक्षात घ्यावी. एका लेखात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी सांगितली, दुसऱ्यात इंग्रज सरकारची आणि तिसऱ्यात अस्पृश्य वर्गाची. अन्याय सोसलेल्या समाजाच्या मुखपत्रात त्याच समाजाला त्याची जबाबदारी विचारणारा लेख असावा, ही साधी गोष्ट नव्हे. जो केवळ प्रतिपक्षाला प्रश्न विचारतो तो प्रचारक होतो. जो आपल्या माणसांनाही प्रश्न विचारतो तोच त्यांचा शिक्षक होतो.

पुढे २९ जून १९२८ रोजी ‘समता’ आणि २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. नावांचा हा क्रम हाच एक इतिहास आहे. मुक्यांचा नायक, बहिष्कृतांचा भारत, समता, जनता आणि शेवटी प्रबुद्ध झालेला भारत, असा छत्तीस वर्षांचा प्रवास या नावांतून वाचता येतो.

विरोधकाचे मत आपल्याच ग्रंथात

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषणातील काही विचार मंडळाला मानवले नाहीत. बाबासाहेबांनी मजकूर बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ही पहिली आवृत्ती थोड्याच काळात संपली. ‘जातिनिर्मूलन’ म्हणून आपण ओळखतो तो हा ग्रंथ. व्यासपीठ नाकारले गेले, तर आपले व्यासपीठ आपण उभारावे, हे त्यातून सर्वजण शिकतात.

परंतु कथा तेथे संपत नाही. महात्मा गांधींनी ‘हरिजन’ पत्रात या पुस्तकावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापली आणि तिच्यापुढे आपले सविस्तर उत्तर दिले. टीका लपविली नाही, तिचा सोयीचा तेवढा भागही घेतला नाही. वाचकाच्या हाती दोन्ही बाजू दिल्या आणि निर्णय त्याच्यावर सोपविला. आपल्या मताविषयी ज्याला खात्री असते, त्यालाच हे जमते. विरोधी मत दडपण्याची घाई बहुधा आपल्याच मताविषयीच्या धास्तीतून होते.

आयुष्याच्या अखेरच्या ग्रंथातही त्यांची हीच वृत्ती दिसते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला. चार आर्यसत्ये ही मूळ शिकवणीचा भाग आहेत काय. आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ कसा लावावा. आणि भिक्खूचे प्रयोजन कोणते. हे प्रश्न मांडून, वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उकलीत आपली भर घालावी, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. ज्या ग्रंथाचे आपण वर्षावासात घरोघरी आणि विहारात श्रद्धेने वाचन करतो, तो ग्रंथ आरंभीच वाचकाला उत्तर देण्याचे निमंत्रण देतो. आपण तो पूजेने वाचला. निमंत्रण किती जणांनी स्वीकारले?

तथागतांची पवारणा

आषाढ पौर्णिमेला सुरू होणारा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. तीन महिने एका ठिकाणी राहिलेले भिक्खू त्या दिवशी एकत्र बसतात आणि पवारणा करतात. विनयपिटकाच्या महावग्गात या विधीचे वर्णन आहे. प्रत्येक भिक्खू संघासमोर उकिडवा बसून, हात जोडून विनंती करतो की, माझ्याकडून काही दोष घडल्याचे आपण पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावे. दोष दिसला तर मी तो सुधारीन. ही विनंती तीन वेळा करायची असते आणि तिचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायचा असतो. आरंभ धाकट्यांपासून ठेवला असता तर ती चौकशी झाली असती. तो ज्येष्ठांपासून होतो म्हणून ती साधना ठरते.

संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात पवारणेच्या रात्री तथागत सुमारे पाचशे भिक्खूंसमवेत बसले होते. त्यांनी स्वतः संघाला विचारले की, माझ्या कायेच्या वा वाणीच्या वर्तनात तुम्हाला काही निंद्य वाटते काय? सारिपुत्तांनी उठून, तसे काहीही नसल्याचे सांगितले आणि लगेच तोच प्रश्न स्वतःविषयी तथागतांना विचारला. जगाच्या धर्मेतिहासात शास्त्याने शिष्यांना असा प्रश्न विचारल्याची उदाहरणे विरळाच.

केसपुत्त येथील कालामांना केलेला उपदेश आपल्या शाळांतून शिकविला जातो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः तपासा, कुशल काय आणि अकुशल काय हे स्वतः जाणा. हा उपदेश आपण बहुधा इतरांच्या श्रद्धांवर लागू करतो. पवारणा तोच उपदेश स्वतःच्या मतावर आणि वर्तनावर लागू करायला शिकविते. या दोहोंना एकत्र ठेवले म्हणजेच विचारस्वातंत्र्याचा बौद्ध अर्थ पूर्ण होतो.

टीका आली तर

वाचकांना बोलाविले म्हणजे सर्वजण गोड बोलतील असे नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्ताचा आरंभ याच प्रश्नाने होतो. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत होता, तर त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करीत होता. भिक्खूंमध्ये याची चर्चा झाली. तथागतांनी त्यांना सांगितले की, निंदेने रागावू नका. रागावलात तर त्या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती, हे तुम्हाला ओळखता येईल काय? जे असत्य असेल ते असत्य म्हणून समजावून सांगा. स्तुतीनेही हर्षभरित होऊ नका. जे खरे असेल तेवढे खरे म्हणून मान्य करा.

येथे राग टाळण्याचे जे कारण दिले आहे, ते शिष्टाचारापुरते नाही. राग पारखण्याची शक्ती नष्ट करतो आणि ती गेली तर मत तपासण्याचे मूळ कामच अशक्य होते. सतत होणारी स्तुतीही तेच करते, फक्त अधिक हळूहळू.

लिहिणाऱ्यासाठीही कसोटी आहे. अंगुत्तरनिकायात सुभाषित वाणीची पाच लक्षणे दिली आहेत. ती योग्य वेळी बोललेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हितकर असावी आणि मैत्रचित्ताने बोललेली असावी. लेख पाठविण्यापूर्वी हे पाच प्रश्न त्याला विचारावेत. अनेक लेख सत्याच्या कसोटीला उतरतात, परंतु मैत्रीच्या कसोटीवर अडतात. अशा वेळी लेख फाडून टाकू नये. एक रात्र ठेवून पुन्हा लिहावा.

पत्र काढू इच्छिणाऱ्यांसाठी

वरील विवेचनातून काही व्यवहार्य सूचना निघतात.

१. आरंभ लहान ठेवावा. एका मोठ्या कागदाला घडी घातली की चार पाने होतात. वसतिगृहातील हस्तलिखित किंवा विहाराच्या भिंतीवरील पत्रक हाही चांगला आरंभ आहे. जे वर्षभर चालविता येईल तेवढेच हाती घ्यावे. तीन अंकांनंतर थांबणाऱ्या देखण्या मासिकापेक्षा बारा महिने निघणारे साधे पत्रक बरे.

२. पत्र का काढत आहोत, हे पहिल्या अंकात एका परिच्छेदात लिहावे. तो परिच्छेद लिहिता येत नसेल, तर अजून थोडे थांबावे.

३. आपले नाव घालावे. निनावी मताला धार असू शकते, जबाबदारी नसते. मात्र एखाद्या वाचकाला नाव दिल्याने त्रास होणार असेल, तर त्याचे नाव संपादकाने आपल्याजवळ राखावे.

४. शेवटचे पान वाचकांचे असावे. आपला मजकूर जास्त झाला म्हणून ते पान कधीही कापू नये. विरोधी पत्र आधी छापावे, प्रशंसेचे नंतर. पत्राचा आशय बदलू नये आणि लिहिणाऱ्याच्या भाषेला हसू नये.

५. वाचकांना ‘कसे वाटले?’ असे मोघम विचारू नये, त्याला ‘छान’ एवढेच उत्तर येते. नेमका प्रश्न ठेवावा. उदाहरणार्थ, ‘आपल्या वस्तीतील वाचनालय सायंकाळी कोणी उघडावे?’ किंवा ‘लग्नातील कोणता खर्च आपण प्रथम थांबवावा?’ नेमक्या प्रश्नाला आईवडीलही उत्तर देतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे उत्तर मुलांनी लिहून घ्यावे.

६. चूक निघाली तर पुढच्याच अंकात, ठळक जागी दुरुस्ती छापावी.

७. छापील नियतकालिक नियमितपणे काढून वितरित करावयाचे असल्यास नोंदणीचे नियम समजून घ्यावेत. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा आला आहे.

८. आश्विन पौर्णिमेला वर्षातून एकदा ‘पवारणा अंक’ काढावा. त्यात संपादकाने काही लिहू नये. वर्षभरात पत्राने काय चुकीचे केले, काय सोडले, कोणाला दुखावले, हे केवळ वाचकांनी लिहावे.

प्रश्न आपल्याच घरचा

आपल्या समाजात आज वक्त्यांची वाण नाही. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, परिषदांना सभागृहे भरतात. पण किती सभांमध्ये भाषणानंतर प्रश्नांसाठी अर्धा तास राखलेला असतो? किती संस्थांच्या वार्षिक अहवालात सभासदांनी केलेल्या टीकेला एक पान मिळते? मुलगी वडिलांच्या मताला विरोध करते तेव्हा किती घरांत तो विरोध शेवटपर्यंत ऐकून घेतला जातो? ज्या समाजाने बोलण्याच्या अधिकारासाठी एवढी किंमत मोजली, त्याने आपल्याच माणसांना गप्प बसविले तर ती किंमत वाया जाईल. बाहेरच्यांशी वाद करण्यात आपण तरबेज झालो आहोत. आपसांत मतभेद राखून एकत्र बसण्याचे शिक्षण अजून पुरे व्हावयाचे आहे. आपापसांतील फुटीचे एक मोठे कारण हेच आहे की मतभेद सांगण्यास जागा नसली, तर माणूस जागाच सोडून जातो.

निवासी शाळा हे या शिक्षणाचे योग्य ठिकाण आहे. येथे वेगवेगळ्या गावांतून आलेली मुले एका छताखाली झोपतात, एका पंक्तीत जेवतात. भिक्खूंच्या वर्षावासाचेच हे एक रूप होय. येथील भिंतीवर एक पत्रक लागावे, त्याखाली एक कोरा कागद असावा आणि त्यावर सर्वांत आधी शिक्षकांनी व संचालकांनी पवारणा करावी, म्हणजे मुलांना धाडस येईल. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, वस्तीत, कामगार संघटनेत हेच करावे.

चिंतनासाठी व चर्चेसाठी

१. ‘महाड येथील धर्मसंगर’ या विषयावरील अग्रलेखांत अस्पृश्य वर्गाची जबाबदारी स्वतंत्रपणे का सांगितली असावी?

२. गांधीजींची टीका आपल्या ग्रंथात छापल्याने बाबासाहेबांच्या मताचे बळ वाढले की घटले? कारणांसह चर्चा करावी.

३. आपल्या घरात किंवा संस्थेत पवारणेचा आरंभ कोणी करावा आणि पहिला प्रश्न कोणता असावा?

या लेखातील मतेही तपासण्यासाठीच आहेत. वाचकांना जे पटले नाही ते त्यांनी संस्थेच्या पत्त्यावर अवश्य लिहून कळवावे. करुणेने दाखविलेला दोष हे दानच होय.

भवतु सब्ब मंगलं.